पोट उघडे का ठेवतात?

विनयपिटकाच्या महावग्गात जीवकाची एक हकीकत आहे. वाराणसीच्या एका श्रेष्ठीपुत्राच्या आतड्यांत गुंता झाला होता. जीवकाने त्याचे पोट उघडले, गुंता सोडविला, आतडी जागच्या जागी ठेवली आणि पोट शिवले. रोगी बरा झाला. पोट उघडले की शिवूनच बाहेर यायचे, अशी आपलीही समजूत असते. म्हणूनच अपघातातील रुग्णाचे पोट न शिवता त्याला अतिदक्षता विभागात आणले, की नातेवाईक हवालदिल होतात. डॉक्टरांनी हात टेकले, असे त्यांना वाटते. वस्तुस्थिती निराळी असते.

फार रक्त गेलेल्या रुग्णाचे शरीर थंड पडते, रक्तातील आम्लता वाढते आणि रक्त गोठेनासे होते. या तीन गोष्टी एकमेकींना वाढवितात. अशा वेळी लांबलेली शस्त्रक्रियाच जीवघेणी ठरते. म्हणून शल्यवैद्य रक्तस्राव थांबवितो, फाटलेल्या आतड्याची तोंडे बंद करतो, गरज पडल्यास गॉझच्या घड्या दाबून बसवितो आणि तेथेच थांबतो. रुग्णाला ऊब व रक्त देऊन सावरले, की साधारणतः 24 ते 48 तासांनी उरलेले काम पुरे करतात. 1993 साली फिलाडेल्फियाच्या रोटोंडो व श्वाब या शल्यवैद्यांनी ‘डॅमेज कंट्रोल’ या नावाने ही पद्धत मांडली.

मधल्या काळात आतडी सुजतात. पोट ओढूनताणून शिवले तर आतला दाब वाढतो. मूत्रपिंडांचे काम मंदावते, श्वास कोंडतो. मग उघडे पोट झाकायचे कशाने?

1984 साली कोलंबियातील बोगोटा शहरात ओस्वाल्दो बोराएस या शिकाऊ शल्यवैद्याने सलाईनची रिकामी, निर्जंतुक पिशवी कापून जखमेच्या कडांना शिवली. प्लास्टिक आतड्यांना चिकटत नाही, आतले दिसते आणि खर्चही थोडा. ती ‘बोगोटा पिशवी’ म्हणून जगभर गेली. पुढे निर्वात पद्धत आली. तीत आतड्यांवर छिद्रे पाडलेले प्लास्टिक पसरतात, त्यावर निर्जंतुक कापड व नळ्या ठेवतात, वरून चिकटपट्टा लावतात आणि यंत्राने पाझरणारे पाणी सतत ओढून घेतात.

यात धोकेही आहेत. पोट फार दिवस उघडे राहिले तर स्नायू मागे सरतात, आतड्याला भोक पडून मळ बाहेर येऊ शकतो. म्हणून शक्य तितक्या लवकर पोट बंद करावे लागते. ते न जमल्यास वर त्वचारोपण करतात व हर्नियाची दुरुस्ती काही महिन्यांनी होते.

आपल्यापैकी कोणावर असा प्रसंग आलाच, तर डॉक्टरांवर धावून जाण्यापूर्वी एवढे विचारावे : पुढची शस्त्रक्रिया केव्हा आणि रक्त किती लागेल? मग रक्तदात्यांच्या शोधाला लागावे. तथागतांनी स्वतः आजारी भिक्खूची शुश्रूषा केली. त्या मार्गाने जाणाऱ्यांना संकटात आधी कारण समजून घेणे आणि मग मदतीला धावणे हेच शोभते.

भवतु सब्ब मंगलम्. जय भीम!