सिझरनंतरचे चाळीस दिवस : आराम घरात, पण दवाखान्याची वाट बंद नको

आपल्या घरांत बाळंतिणीचा चिल्ला चाळीस दिवसांचा. डॉक्टर सांगतात सहा आठवडे, म्हणजे बेचाळीस दिवस. दोन्ही हिशोब जवळपास सारखेच. तरीही सिझर झालेल्या बाईच्या वाट्याला या दिवसांत दोन उलट गोष्टी येतात. सातव्या दिवशी अकीका उरकला की ती पुन्हा चुलीपाशी दिसू लागते. आणि ताप आला, टाक्यांतून पाणी येऊ लागलं, तर मात्र "चिल्ल्यात घराबाहेर कसं न्यायचं?" म्हणून दवाखाना उद्यावर जातो. आराम हवा तिथे आराम नाही, आणि बाहेर पडायला हवं तिथे अडवणूक. चांदवड आणि आसपासच्या गावांतल्या आपल्या कुटुंबांसाठी म्हणूनच हा विषय आम्ही घेतला आहे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात साधारण दर चार बाळंतपणांपैकी एक सिझरने होतं. म्हणजे हा एखाद्याच घराचा प्रश्न राहिलेला नाही.

हे ऑपरेशन आहे, हे आधी मान्य करू

सिझरमध्ये कातडीपासून गर्भपिशवीपर्यंत पोटाचे एकेक थर उघडून पुन्हा शिवले जातात. वरचे टाके आठ-दहा दिवसांत सुकलेले दिसतात, म्हणून घरच्यांना वाटतं, झाली बरी. पण आतली जखम भरायला दीड महिना तरी लागतो. तोपर्यंत बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही, हा सोपा नियम. आपल्या भागात उन्हाळ्यात पाणी भरून ठेवावं लागतं. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो वजन, भांड्याचं वेगळं. हंडा, बादली, ओली धुणी, दळणाचा डबा, मोठं मूल कडेवर घेणं, हे सगळं दीड महिना दुसऱ्या कोणीतरी करायचं.

हे दुसरं कोण? सासू, आई, नणंद असतातच. पण नवऱ्यानेही हात लावायला हवा. प्रेषित मुहम्मद (स.) घरी असताना घरच्या कामाला हातभार लावत, असं हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितलं आहे. मग बाळाची दुपटी धुताना आपल्याला कसली लाज?

आराम म्हणजे चाळीस दिवस खाटेला खिळून राहणंही नव्हे. नुसतं पडून राहिल्याने पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका असतो. घरातल्या घरात रोज थोडं थोडं चालायचं. उठताना सरळ उठून बसायचं नाही. आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि हाताने रेटा देऊन उठायचं. खोकला, शिंक किंवा हसू आलं तर टाक्यांवर उशी दाबून धरायची.

टाके, शेक आणि खाणं

डॉक्टरांनी परवानगी दिली की रोज अंघोळ करावी आणि टाक्यांची जागा स्वच्छ फडक्याने टिपून कोरडी ठेवावी. त्यावर हळद, तेल, राख, पावडर काही लावू नये. मालिश करायचीच असेल तर हात, पाय, पाठ. पोटाला हात नको. पोट करकचून बांधू नये. खाटेखाली शेगडी ठेवून धुरी देण्याची पद्धत अजून काही घरांत आहे. बंद खोलीतला धूर आई आणि बाळ दोघांच्याही छातीला वाईट, भाजण्याची भीती वेगळीच.

हरीरा, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, यखनी, बाजरीची भाकरी खुशाल द्या. पण "पाणी कमी पी, टाके पिकतील" हे खरं नाही. पाणी भरपूर हवं, डाळ, अंडी, मटण, पालेभाजी आणि फळंही हवीत. पोट साफ झालं नाही की कुंथावं लागतं आणि टाक्यांवर ताण येतो. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घेऊ नये, आणि लोहाच्या गोळीवर लगेच चहा नको.

बाळाचं दूध

"सिझर झालं, तीन दिवस दूध येणार नाही" असं म्हणून बाळाला डबा किंवा साखरेचं पाणी दिलं जातं. पहिले दोन-तीन दिवस येणारा घट्ट पिवळा चीक थोडाच असतो, पण बाळाचं पोटही तेवढंच लहान असतं. आई शुद्धीवर असेल तर पहिल्या तासातच बाळाला छातीशी लावता येतं. टाके दुखत असतील तर कुशीवर झोपून पाजावं, किंवा बाळ बगलेखाली उशीवर घ्यावं, म्हणजे पोटावर भार येत नाही. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावं. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसातून सहा-सात वेळा लघवी करत असेल तर दूध पुरतंय असं समजावं.

दूध पाजण्याचं महत्त्व सूरह बकराच्या २३३ व्या आयतीतून आपल्याला ठाऊक आहेच. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणी, घुट्टी काही नको. मध तर वर्षभर नको, त्यातून लहान बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. तहनीक करायची असेल तर आधी बाळाच्या डॉक्टरांशी बोलून घ्या. नाळेवरही काही लावू नका, कोरडी ठेवा.

चिल्ल्यात काय बंद, काय नाही

निफासमध्ये नमाज माफ आहे, रोजे नंतर ठेवायचे असतात, पतीपत्नीचे संबंध बंद असतात. इलाजासाठी बाहेर पडायला बंदी नाही. हनफी मसलकात चाळीस दिवस ही जास्तीत जास्त मुदत आहे. रक्त त्याआधी थांबलं तर गुसल करून नमाज सुरू होते. टाक्यांना पाणी चालत नसेल किंवा सजद्यात पोट ताणत असेल तर त्यासाठी सवलती आहेत, आपल्या आलिमांना विचारावं. अकीकाही सातव्या दिवशी जमला नाही तर चौदाव्या, एकविसाव्या दिवशी करता येतो. पाहुण्यांची गर्दी आणि बाळाचे मुके, दोन्ही कमी झालेले बरे.

सकाळपर्यंत थांबू नका

आईला पुढचं काही झालं तर ताबडतोब दवाखाना :
- तासाभरात एक पॅड भिजेल इतकं रक्त, किंवा मोठ्या गाठी
- १००.४ किंवा जास्त ताप, अंगावरून घाण वास
- टाके लाल, सुजलेले, उघडलेले, किंवा पू
- एकाच पायाची पोटरी सुजणं, दुखणं. दम लागणं, छातीत दुखणं
- डोकं भयंकर दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, झटके

बाळाच्या बाबतीत : दूध न ओढणं, मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास, छाती आत ओढली जाणं, अंग गार किंवा तापलेलं, हातापायांचे तळवे पिवळे, झटके, सुस्ती.

"हवा लागली असेल, नजर लागली असेल" म्हणत रात्र काढू नका. दुआ जरूर करा, पण गाडीत बसून करा. चांदवड मुंबई-आग्रा महामार्गावर आहे, एकीकडे नाशिक, दुसरीकडे मालेगाव. पण वस्तीवरून महामार्गापर्यंत येण्यातच वेळ जातो. म्हणून गाडी कोणाची आणि पैसे कुठे, हे आधीच ठरवा. नवरा बाहेरगावी असेल तर कोणाच्याही परवानगीसाठी न थांबता तिला न्यायचं, हेही आधीच बोलून ठेवा. १०८ आणि १०२ हे नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

हक्काचं आहे, मागून घ्या

२०११ पासून सुरू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात सिझर, औषधं, सात दिवसांपर्यंतचं जेवण आणि घरी सोडणारी गाडी मोफत आहे. सिझरच्या बाळंतिणीकडे आशाताईंनी ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी यायचं असतं. घरी जाऊन बाळ तपासण्याची ही पद्धत आपल्याच महाराष्ट्रात, गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने उभी केली आणि पुढे देशाने घेतली. ताईंना दारातून परत पाठवू नका, आत बोलवा.

पहिल्या दोन आठवड्यांत उगाच रडू येणं साधारण असतं. त्यापुढेही ती गप्प गप्प राहत असेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, तर तो नखरा नव्हे, आजार आहे. १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर मोफत बोलता येतं.

डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. पुढच्या वेळी नॉर्मल होऊ शकेल का, हे डॉक्टर त्यावरूनच ठरवतात. दीड महिन्याला बाळाचे डोस असतात, त्याच फेरीत आईचीही तपासणी करून घ्या आणि पुढचं मूल किमान दीड-दोन वर्षं लांबवण्याबद्दल दोघांनी मिळून विचारा. अल्लाह प्रत्येक आईला आणि बाळाला सेहत देवो, आमीन.