सिरका ढवळू नये

पहाटे ४.४५

गजर वाजायच्या आधीच पावसानं जाग आली. आषाढातला लोणावळ्याचा पाऊस हा आवाज नसतोच, तो बंद होतो तेव्हाच कळतं की तो चालू होता. भांगरवाडीतल्या आमच्या स्वयंपाकघरात भिंतीला हात लावला तर ओला होतो, मिठाचा डबा उघडला तर मीठ नाही, चिखल निघतो. तरी चौदा डबे आहेतच. चौदा डबे म्हणजे छप्पन्न चपात्या, मटकीची उसळ, वरण, भात आणि बुधवार म्हणून काकडीची कोशिंबीर.

रात्री यांचा निरोप आलेला. सिंगापूरला जहाजावरून साइन-ऑफ झाले, विमान पकडतायत, उद्या संध्याकाळच्या गाडीनं लोणावळ्यात. आठ महिन्यांनी. खाली एकच ओळ जास्तीची: ‘कुयाचा मासा करशील?’

कुया म्हणजे दादा. जहाजावरचा फिलिपिनो चीफ कुक. वयानं मोठा म्हणून सगळी पोरं त्याला कुया म्हणतात. आमचे हे इंजिन रूममध्ये, तो गॅलीत. दर फोनला त्याच्या आंबटगोड माशाचं वर्णन ऐकून माझे कान किटलेत. फिलिपिनो माणूस भेटल्यावर ‘कसा आहेस’ विचारायच्या आधी ‘जेवलास का’ विचारतो, हेही त्यातलंच. म्हटलं, हे काय नवीन? मावळात दुसरं काय विचारतात?

सकाळी ७.३०

उसळ झाली, चपात्या लाटून संपल्या. लेक शाळेचा दप्तर-रेनकोट बाजूला ठेवून कुयाचा आवाजी निरोप तिसऱ्यांदा ऐकवतेय. इंग्रजी, पण मध्येच त्यांचे शब्द. ‘देन पुट सुका.’ मी म्हटलं, सुका? सुकट घालायचं की बोंबील? लेक हसून लोळायची बाकी. सुका म्हणजे त्यांच्याकडे सिरका. नारळाच्या ताडीचा, उसाचा, पाणथळीतल्या निपा ताडाचा. प्रत्येक गावाचा वेगळा.

आणि सुका ओतल्यावर काय? कुया अगदी हळू आवाजात सांगतो, जसं काही गुपित आहे: ‘हुवाग हालुइन.’ ढवळू नको. उकळी येईपर्यंत पळी लावायची नाही, नाहीतर सिरक्याचा कच्चेपणा रश्श्यातच राहतो. त्यांच्या आयांनी, आज्यांनी सांगितलेलं.

सकाळी ९.१५

बाजार. छत्री उलटी होते म्हणून रेनकोटच. समुद्राचा मासा मिळेल ही आशा नव्हतीच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी बोटींना बंदी, जे पापलेट दिसतं ते बर्फातलं आणि त्याचा डोळा माझ्याकडे बघत नव्हता.

“मावशी, आज काय?”

“चिलापी घे. धरणाची, सकाळचीच आलीय. कल्ले बघ.”

कल्ले लाल, डोळा फुगीर, बोटानं दाबलं की मांस वर येतंय. तीन घेतल्या, प्रत्येकी पावशेर-दीडपावाच्या वर.

“खवले काढ, पोट साफ कर, पण तुकडे नको. डोक्यासकट आख्ख्या.”

“आख्ख्या? कालवणाला?”

“कालवण नाही. तळून वर गोड-आंबट रस ओतायचा.”

मावशीनं कोयता थांबवला. “माशात गोड?” एवढंच म्हणाली आणि खवले उडवायला लागली. पण तिच्या ‘गोड’मध्ये आमच्या सगळ्या मावळाचं मत होतं. आमच्याकडे पावसाच्या पहिल्या लोंढ्याला वलगणीचे मासे शेतात चढतात, त्यांना मीठ-मसाला-आमसूल. तिथे गुळाचं काय काम?

चिलापी मात्र या पदार्थाला योग्यच. मूळची आफ्रिकेतली, भारतात १९५२ साली आणली आणि आता धरणाधरणांत शिरलीय. फिलिपिन्समध्येही ती घरोघरी आहे. १९८८पासून लवकर वाढणारी चिलापी तयार करायचं मोठं काम त्याच देशात झालं. म्हणजे कुयाच्या कढईत पडते त्याच कुळातली, फक्त पाणी पवनेचं.

सकाळी ११.००

डबे गेले. ओट्यावर जागा झाली. माशांना आधी मीठ-हळद-लिंबू चोळून दहा मिनिटं, मग धुऊन दोन्ही बाजूंनी तीन-तीन तिरक्या चिरा, हाडापर्यंत. मग खरं काम: कोरडं करणं. या हवेत मासा कोरडा करणं म्हणजे नदीत कपडे वाळवणं. जुन्या सुती साडीचे तुकडे काढले, पोटाच्या आतूनसुद्धा टिपलं आणि ताटावर जाळी ठेवून पंख्याखाली ठेवले. सासूबाईंनी दारातूनच पाहिलं आणि पदर नाकाला लावला.

सासूबाई माळकरी. वीस वर्षं माळ आहे. देहूला इंद्रायणीच्या डोहातल्या माशांना कुणी हात लावत नाही आणि त्या गावची लेक मासा खाईल कशी? म्हणून आमच्या घरात दोन तवे, दोन कढया, दोन पळ्या. मासळीची भांडी खालच्या फळीवर, त्यांची वरच्या. भांडण नाही, फक्त फळ्या वेगळ्या.

दुपारी १२.३०

तांदूळ काढला. घरचा इंद्रायणी, माझ्या भावाच्या शेतातला. आत्ता तिकडे चिखलणी चालू असेल, गुडघाभर पाण्यात रोपं लावतायत.

या तांदळाची एक गोष्ट माझ्या वडलांनी सांगितलेली. मावळात पूर्वी आंबेमोहर. वास असा की शेजारच्या घरात कळायचं. पण ताट उंच, आणि इथला वारा-पाऊस आला की भात लोळायचा. मग वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहर १५७चा संकर आयआर-८शी केला आणि १९८७ साली इंद्रायणी आला. वास आंबेमोहराकडून, उत्पन्न आयआर-८कडून.

आयआर-८ कुठला? तो १९६६ साली बाहेर पडला मनिलाजवळच्या लॉस बान्योसच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतून. म्हणजे फिलिपिन्समधून. वडील सांगायचे तेव्हा मी कान दिला नव्हता. आज मापटं हातात धरून उभी राहिले. मासेवाल्या मावशीला परकं वाटलेलं गाव आमच्या भाताच्या पातेल्यात माझ्या लग्नाआधीपासून शिजतंय.

दुपारी ३.३०

चिरणं. दोन इंच आलं, आगकाडीसारखं बारीक. हे किसायचं नाही, कुयाची ताकीद आहे. दाताखाली आलं पाहिजे. सहा लसूण पाकळ्या चकत्या करून, एक कांदा उभा, एक गाजर, एक लाल आणि एक हिरवी ढोबळी मिरची, सगळं लांब-लांब.

रसाचं माप लेकीनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलंय: अर्धी वाटी सिरका, एक वाटी पाणी, पाव वाटीला थोडा वर किसलेला गूळ, एक चमचा मीठ, एक मोठा चमचा सोया सॉस, आणि शेवटी एक मोठा चमचा मक्याचं पीठ गार पाण्यात कालवून. कुया ब्राऊन शुगर म्हणतो, माझ्याकडे गूळ आहे. सिरका उसाचा आणलाय, बाजारातला पांढरा नुसता घशाला लागतो.

या पदार्थाला ते एस्काबेचे म्हणतात. शब्द स्पॅनिश. स्पेननं तिथे १५६५पासून १८९८पर्यंत राज्य केलं. स्पॅनिशांनी तो अरबांकडून घेतला, अरबांनी इराण्यांकडून. मूळचा सिकबाज, म्हणजे सिरक्यातलं शिजवण. आपला ‘सिरका’ शब्दही फारसीच. थंड पेट्या नव्हत्या तेव्हा तळलेला मासा किंवा मटण टिकावं म्हणून आंबटात ठेवायचे. चव नंतर, आधी टिकाऊपणा.

दुपारी ४.३०

सासूबाईंची वेळ. चातुर्मास लागलाय, त्यांना कांदा-लसूणही नको. म्हणून वरच्या फळीवरची छोटी कढई काढली. तेलात आलं आणि गाजर परतलं, पाणी, गूळ, मीठ.

“आई, आता सिरका घालते.”

“दारू तर नाही ना ती?”

“उसाच्या रसाचा. आंबलेला.”

“उसाचा ना? मग घाल.”

घातला. आणि माझा हात सवयीनं पळीकडे गेला. लेक ओरडली, “हुवाग!” हात मागे. कढईतून वास असा आला की तिघी दोन पावलं मागे सरलो. डोळ्यांत पाणी. एक मिनिट, दीड मिनिट. कडेला बारीक बुडबुडे, मग मध्यभागी, मग सगळी कढई खदखदली. आणि तेव्हाच, नेमकं तेव्हाच, नाकात शिरणारा तो तिखट वास गेला आणि आल्या-गुळाचा आला. मग ढवळलं, पीठ घातलं, रस काचेसारखा झाला.

सासूबाईंनी वाटीत घेतला, फुंकर मारली, भातावर घातला. तिसऱ्या घासाला म्हणाल्या, “ही तर चिंचगुळाची आमटी. डाळ तेवढी घालायची राहिलीय.”

मग मला यांनी एकदा फोनवर सांगितलेलं आठवलं. त्यांच्या ‘सुका’चं मूळ मलाय ‘चुका’, आणि त्याचं मूळ संस्कृत ‘चुक्र’. आपल्या आंबटचुक्याच्या भाजीतला चुका त्याच चुक्राचा. मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी वाटी पुसून घेतली आणि म्हणाल्या, “मग परका कुठाय? चुकलेला नातेवाईक.”

संध्याकाळी ६.४५

आता खालच्या फळीवरचा लोखंडी तवा. गाडी साडेसातला, मासा गरम हवा, म्हणून आत्ताच. तेल तापलं का बघायला आल्याची काडी टाकली, लगेच वर आली. पहिला मासा सोडला आणि घाई केली. दोन मिनिटांत उलथणं घातलं, कातडं तव्यालाच राहिलं. दोष तव्याचा नाही, माझ्या हाताचा. दुसऱ्याला हात लावला नाही. चार-पाच मिनिटांनी तो आपोआप तव्यापासून सुटला, मग उलटवला. तिसराही तसाच. फाटलेला तो लेकीच्या ताटात जाणार हे तिथेच ठरलं.

संध्याकाळी ७.२०

फोन. ‘कर्जतला गाडी उभी. घाटात दरड आलीय म्हणतात.’

कर्जतला गाडी थांबतेच. घाट चढायला मागे जादा इंजिनं लागतात. पण हे थांबणं ते नव्हे. खिडकीतून बाहेर बघितलं, पाऊस आडवा. घाटातल्या मंकी हिलच्या बाजूला असा पाऊस लागला की पुढचं कुणी सांगू शकत नाही.

रात्री ९.००

लेक जेवली. फाटका मासा तिनं काट्यापर्यंत साफ केला. सासूबाई हरिपाठ म्हणून झोपल्या. दोन मासे ताटात, गार होत चाललेले. कुरकुरीतपणा या हवेत अर्धा तास टिकत नाही. माझा जीव त्या माशांसाठी तुटतोय की माणसासाठी हे मला सांगता येत नव्हतं.

शेवटी कुयाचा निरोप परत लावला. शेवटचा भाग आम्ही कधी नीट ऐकलाच नव्हता. त्याचा अर्थ असा: माणूस वेळेवर आला तर रस वरून ओता आणि लगेच खा. उशीर झाला तर ओतून ठेवा. सकाळी जास्त चांगला लागतो.

खालच्या फळीवरच्या कढईत पुन्हा रस केला, या वेळी कांदा-लसणासकट. सिरका घातला, पळी ओट्यावर ठेवली आणि हात मागे बांधून उभी राहिले. उकळी आली. दोन माशांवर ओतला, आलं-गाजर-मिरची वर पसरली, झाकण ठेवलं.

रात्री १.१०

बेल. भिजलेली बॅग, भिजलेला माणूस, दाढी वाढलेली. पहिलं वाक्य मीच बोलले: “जेवलात का?”

नाही म्हणाले. झाकण काढलं. मासा गार, पण रस चिरांमधून आत हाडापर्यंत गेलेला. गार इंद्रायणी भाताचं ढेकूळ फोडून त्याच्याबरोबर उभ्या उभ्याच खाल्ला. एक मासा पूर्ण झाला तेव्हा म्हणाले, “कुयापेक्षा गोड कमी आहे.” मग थोडं थांबून, “बरंच आहे.”

पहाटे ४.४५

गजर. चौदा डबे. दुसरा मासा न्याहारीला बाजरीच्या भाकरीबरोबर गेला, आणि कुया खरं बोलला होता, रात्रीपेक्षा चांगला लागला.

तुम्हाला करून बघायचा असेल तर संध्याकाळी नाही, आदल्या दिवशी करा. मासा नीट कोरडा करा, तव्यावरून आपोआप सुटेपर्यंत उलटवू नका, आणि सिरका ओतल्यावर उकळी येईपर्यंत पळी खाली ठेवा. घरात कुणी माळकरी असेल तर रस आधी करा आणि पहिली वाटी त्यांना द्या.