ऊसतोडीत बिबट्याची पिल्लं दिसली तर…



निफाड, सिन्नर, दिंडोरीकडं ऊसतोड सुरू झाली की फडात बिबट्याची पिल्लं सापडतात. उसात आडोसा मिळतो, पाणी मिळतं आणि वस्तीजवळ कुत्री, शेळ्या असतात. म्हणून मादी तिथंच पिल्लं घालते.

*पिल्लू दिसलं तर:* हात लावू नका, फोटोसाठी उचलू नका. तोड थांबवा, मजुरांना आणि त्यांच्या लेकरांना बाहेर काढा. वनविभागाला १९२६ वर कळवा. वनविभाग पिल्लं सापडल्या जागीच क्रेटमध्ये ठेवतो. बऱ्याचदा मादी रात्री येऊन घेऊन जाते. पिल्लं हरवलेली मादी बिथरली, तर धोका आपल्याच वस्तीला.

*"पकडून लांब सोडा" का नको?* जुन्नर भागात २००१ ते २००३ मध्ये पकडलेले बिबटे दूर नेऊन सोडले. हल्ले कमी होण्याऐवजी वाढले, असं विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात दिसलं. शिवाय रिकाम्या जागी दुसरा बिबट्या येतोच.

*आपली काळजी:*
१. रात्रीची लाईट असली तरी पाणी द्यायला एकटं जाऊ नका. बॅटरी, काठी घ्या. मोबाईलवर गाणी लावा.
२. वाकून काम चालू असेल तर एकानं उभं राहून लक्ष ठेवावं.
३. गोठा वरूनही जाळीनं बंद करा.
४. जनावर मारलं तर पंचनाम्याआधी हलवू नका. ४८ तासांत वनविभागाला कळवा, नाहीतर भरपाई अडते.

हा मेसेज टोळीच्या मुकादमालाही पाठवा. फडात आधी तेच शिरतात.