नव्या गिटारला तडा आणि चार गृहीतकं

गिटार घेऊन नववा दिवस होता. संध्याकाळी तारा जुळवायला बसले, तर खिडकीतून येणारं तिरकं ऊन गिटारच्या वरच्या फळीवर पडलं आणि मला ती दिसली. ब्रिजच्या खालच्या बाजूपासून कडेपर्यंत गेलेली एक बारीक, सरळ रेघ. बोट फिरवलं तर नखाला लागत होती.

फेलोशिपचे थकलेले पैसे आल्यावर हौसेने घेतलेली १८ हजारांची गिटार. मुंबईतल्या दुकानातून घेतली, ट्रेनने पुण्याला आणली. वस्तू बदलून घ्यायची मुदत दहा दिवसांची, म्हणजे उद्यापर्यंत. मी फोन उचलला आणि टाईप केलं, "तुम्ही मला तडा गेलेली गिटार विकलीत." पाठवायच्या आधी ते वाक्य पुन्हा वाचलं आणि थांबले.

तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा कोर्सवर्कमध्ये असाल, तर "निरीक्षण आणि निष्कर्ष यांतला फरक" हा मुद्दा तुम्ही नोट्समध्ये लिहून ठेवलेला असेल. मीही ठेवला होता. पण पैसे आणि राग मध्ये आले की तो फरक किती चटकन पुसला जातो, ते मला त्या संध्याकाळी कळलं. माझं निरीक्षण एवढंच होतं: आज, नवव्या दिवशी, फळीवर एक रेघ आहे. "विकताना ती होती" हा निष्कर्ष होता, आणि त्याला माझ्याकडे काहीही आधार नव्हता.

मग वही काढली आणि चार शक्यता लिहिल्या.

१. तडा दुकानातच होता, मला दिसला नाही.
२. प्रवासात धक्का लागला.
३. पुण्यात आल्यावर लाकूड सुकून तडकलं.
४. लाकडाला काहीच झालेलं नाही, फक्त वरच्या पॉलिशला चीर गेली आहे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. "मला कोणतं उत्तर हवंय?" याला माझं उत्तर तयार होतं: पहिलं. पैसे परत मिळाले असते ना! म्हणूनच उरलेली तीन लिहिणं भाग होतं. शक्यता लिहून झाल्या की पुढचा प्रश्न विचारायचा: प्रत्येक शक्यता खरी असेल, तर आणखी काय दिसायला हवं?

चौथीपासून सुरुवात केली, कारण ती तपासायला सगळ्यात सोपी. खोलीत अंधार केला, तारा सैल करून मोबाईलचा टॉर्च गिटारच्या तोंडातून आत सोडला आणि बाहेरून पाहिलं. रेघेतून उजेडाची बारीक धार दिसली. म्हणजे तडा आरपार आहे. चौथी शक्यता बाद.

दुसरी. धक्क्याने फळी फुटली तर बहुतेक वेळा तिथे खोक पडते, पॉलिश दबतं, लाकडाचे तंतू आडवे तुटतात. माझी रेघ तंतूंच्या दिशेने सरळ गेलेली, आजूबाजूला दबल्याची खूण नाही. शक्यता संपली नाही, पण कमजोर झाली.

तिसरीसाठी थोडं लाकूड समजून घ्यावं लागतं. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. ओलावा गेला की ते आकसतं, पण सगळीकडे सारखं नाही: तंतूंच्या दिशेने अगदी नगण्य, तंतूंना आडवं बरंच जास्त. हवेची सापेक्ष आर्द्रता ७० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर येऊन तशीच राहिली, तर लाकडातल्या पाण्याचं प्रमाण साधारण १३ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर येतं. गिटारची वरची फळी बहुधा स्प्रूसची असते, खाली रुंदी ४० सेंटीमीटरच्या आसपास. हिशेब केला तर एवढ्या फरकाने ती सुमारे ४ मिलिमीटर आकसायला बघते. पण आतून तिला आडव्या-तिरक्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्या तिला आकसू देत नाहीत. मग जेमतेम ३ मिलिमीटर जाडीची ती फळी ताण सहन न होऊन तंतूंच्या रेषेत फाटते. याच कारणासाठी गिटार ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेत ठेवा असं सांगतात.

तो मार्च महिना होता. मुंबईची दमट हवा सोडून गिटार पुण्याच्या कोरड्या हवेत आली होती, आणि मी ती खिडकीजवळ उघडीच ठेवलेली. लॅबमधलं आर्द्रतामापक मागून आणलं. दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीत २४ टक्के. आता, लाकूड सुकलं असेल तर खुणा फक्त तड्यापाशी नाही, इतरत्रही दिसायला हव्यात. फळीवर स्टीलची पट्टी आडवी धरली: मध्ये खोलगट झाली होती. गळ्याच्या कडेवरून हात फिरवला: फ्रेटची टोकं बाहेर येऊन टोचत होती. लाकूड आकसतं, धातू तसाच राहतो.

राहिली पहिली. खरेदीच्या दिवशीचा फोटो होता, त्यात रेघ दिसत नव्हती. पण फोटोत फळीवर दुकानातल्या दिव्याचं प्रतिबिंब होतं, तिथे रेघ असती तरी दिसली नसती. "दिसत नाही" आणि "नाही" यांत फरक असतो. चौथ्या दिवशी वाजवताना केलेल्या व्हिडिओत मात्र ऊन बरोबर त्याच जागी तिरकं पडलं होतं, आणि फळी स्वच्छ होती.

एवढं झाल्यावर ते पहिलं वाक्य पाठवता येईना. मुदत संपायच्या आत दुकानात फोन केला आणि जे दिसलं ते क्रमाने सांगितलं. गिटार बदलून मिळाली नाही, दुरुस्तीचा खर्च माझ्यावरच आला. वाईट वाटलंच. पण खोटं बोलून मिळालेली दुसरी गिटारही त्याच खिडकीपाशी तडकली असती.

दुरुस्ती करणाऱ्या काकांनी लगेच गोंद लावला नाही. आधी गिटार बंद केसमध्ये ओलसर स्पंजसोबत काही दिवस ठेवायला लावली. तडा बराचसा आपणहून मिटला. मग त्यांनी गोंद भरला आणि आतून लाकडाच्या लहान चकत्या चिकटवल्या. म्हणाले, "उघडा तडा तसाच भरला असता, तर पावसाळ्यात लाकूड फुगल्यावर जाणार कुठे?"

माझ्या डेटामध्ये त्या वेळी तीन आठवड्यांची मोजमापं गायब होती आणि मी ती सरासरीने भरणार होते. ती जागा का रिकामी आहे, हे मी तपासलंच नव्हतं. काकांचं बोलणं ऐकून परत गेले आणि आधी ते शोधायला बसले.

तुमच्यासाठी एक छोटं काम: नवीन उपकरण, नवीन नमुना, नवीन डेटा हातात आला की पहिल्याच दिवशी त्याची अवस्था नोंदवा. तारीख घाला, फोटो काढा, तोही तिरक्या उजेडात. मला वाचवलं ते एका योगायोगाने केलेल्या व्हिडिओने. तुम्ही योगायोगावर विसंबू नका.