थांबणाऱ्यांची मोजदाद

लिनक्सवर चालणाऱ्या कुठल्याही सर्व्हरवर ‘प्रॉक’ नावाचा एक फोल्डर असतो. त्यातल्या बहुतेक फायलींचा आकार पाहावा तर शून्य. उघडाव्यात तर मजकूर भरलेला! ही जादू नव्हे. त्या फायली डिस्कवर नसतातच. कोणी वाचायला घेतली की त्याच क्षणी कर्नल, म्हणजे यंत्राचा सगळा कारभार पाहणारा मूळ प्रोग्राम, स्वतःकडचे आकडे लिहून पुढे ठेवतो. मेमरी किती उरली, प्रोसेसर कोणी किती वापरला, सारे तिथे. ‘टॉप’ ही आज्ञा दर दोन-तीन सेकंदांनी जो तक्ता दाखवते, तो याच फायली पुन्हा पुन्हा वाचून.

एकाच यंत्रावर अनेक माणसे बसली की या आकड्यांना खरी किंमत येते. २००० नंतरच्या काही वर्षांत परदेशांतल्या गोमंतकीयांनी वापरलेले संगणक जमवून गोव्यातल्या शाळांना देण्याचा उपक्रम चालवला होता. त्यांवर लिनक्स असे. अशा जुन्या यंत्रांसाठी तेव्हा ‘एलटीएसपी’ नावाची एक नामी सोय होती. एक बरा संगणक सर्व्हर करायचा, बाकीच्यांत डिस्कही नको, नुसता पडदा आणि कीबोर्ड. वीस मुले वीस पडद्यांसमोर बसली, तरी सगळ्यांचे काम एकाच प्रोसेसरवर चालणार. मग यंत्र संथ झाले की सर विचारणारच, कोण खातोय?

उत्तर सोपे नाही. जुना कर्नल सेकंदाला शंभर वेळा घड्याळाचा ठोका घेई. ठोका पडला तेव्हा प्रोसेसरवर जो प्रोग्राम असेल, त्याच्या नावावर सेकंदाचा अख्खा शंभरावा भाग लागे. म्हणजे ठोक्याच्या किंचित आधी काम सोडून झोपायचे आणि ठोका सरला की पुन्हा सुरू व्हायचे, असे जमवणारा प्रोग्राम हिशेबात दिसणारच नाही! डॅन त्साफ्रिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७मध्ये हे करूनच दाखवले. कुठलेही खास अधिकार नसलेला साधा वापरकर्ता प्रोसेसरचा मोठा हिस्सा बळकावू शकत होता, आणि तक्त्यात त्याच्यापुढे शून्य. त्याच वर्षी इंगो मोल्नार यांनी लिहिलेली नवी वाटपपद्धत लिनक्समध्ये आली. ती ठोक्यांवर विसंबत नाही, प्रत्येकाचा वेळ नॅनोसेकंदांत मोजते.

दुसरा प्रसिद्ध आकडा ‘लोड अ‍ॅव्हरेज’. कर्नल साधारण दर पाच सेकंदांनी रांग मोजतो आणि एक, पाच व पंधरा मिनिटांची सरासरी ठेवतो. इतर युनिक्स प्रणालींत सहसा प्रोसेसरवर चालणारे आणि त्याची वाट पाहणारे एवढेच धरतात. १९९३मध्ये मथियास उर्लिख्स यांनी लिनक्सच्या मोजणीत डिस्कसाठी अडकलेलेही धरले. त्यांचा मुद्दा बिनतोड होता. डिस्क संथ झाली तर यंत्र रखडते, मग भार कमी झाला असे आकड्याने का म्हणावे? त्यामुळे लिनक्सवर कधीकधी लोड वीस आणि प्रोसेसर मात्र रिकामा, असे विचित्र दृश्य दिसते. नवखे प्रशासक हमखास गोंधळतात.

याहून गमतीचा प्रश्न कर्नलच्या स्वतःच्या खर्चाचा. एखाद्याने सगळे फोल्डर धुंडाळायला घेतले की कर्नल सापडलेल्या नावांच्या नोंदी आपल्या मेमरीत जपून ठेवतो. त्या माणसाच्या प्रोग्रामची मेमरी इवलीशी, पण त्याच्यापायी कर्नलची फुगत जाते. हा खर्च ज्याच्या त्याच्या प्रोग्रामांच्या गटावर टाकण्याची सोय लिनक्समध्ये २०१३पर्यंत नव्हती.

पण एवढे सगळे मोजूनही सरांचा प्रश्न सुटत नाही, कारण किती खर्च झाला यावरून कोणाचे अडले ते समजत नाही. तिळारीचे पाणी कालव्याने दोडामार्गातून गोव्यात उतरते, डिचोली आणि पेडण्याकडे जाते. धरणातून किती सोडले हा आकडा कितीही अचूक असो, वाटेत कालवा फुटला तर पेडण्यातल्या घरी नळ किती वेळ कोरडा राहिला, हे त्यातून कळणार नाही. ते नळापाशीच मोजावे लागते.

कर्नलमध्ये नळापाशी मोजण्याचे काम २००६मध्ये आले. आयबीएमचे शैलभ नागर आणि बलबीर सिंग यांनी प्रत्येक प्रोग्राम प्रोसेसरसाठी किती थांबला, डिस्कसाठी किती, याची वेगवेगळी नोंद ठेवणारी यंत्रणा त्यात बसवली. गटागटाला मेमरीची मर्यादा घालण्याची सोय २००८मध्ये आली, तीही बलबीर सिंग यांच्याच कामातून. मग २०१८च्या अखेरीस फेसबुकचे योहानेस वाइनर यांची ‘प्रेशर’ मोजणी आली. मला ही सगळ्यांत देखणी वाटते. मेमरी किंवा डिस्कसाठी ती दोन ओळी देते. निदान एखाद्याचे काम अडले होते असा वेळ शेकडा किती, ही पहिली. ज्यांना काम करायचे होते ते सगळेच अडले होते असा वेळ शेकडा किती, ही दुसरी.

प्रोसेसरसाठी मात्र सुरुवातीला पहिलीच ओळ दिली होती. पुढे दुसरीही आली, पण संपूर्ण यंत्रापुरते पाहिले तर तिथे शून्यच. डिस्क किंवा मेमरीपायी सगळेच एकदम खोळंबू शकतात. प्रोसेसरसाठी कोणी थांबला असेल, तर त्याचा अर्थ एवढाच की त्या क्षणी त्यावर दुसऱ्या कोणाचे तरी काम चालू आहे.