हिशेबनिसाने एम.बी.ए. करावं का?

मंडळी, आपल्या उंद्रीसारख्या गावातली मुलं बी.कॉम. होतात, टॅली शिकतात, चिखली-खामगावात हिशेब लिहू लागतात. मग घरात विषय निघतो, आता एम.बी.ए. करावं का? फी भरायला कधी सोयाबीनचा पैसा लागतो, कधी कर्ज. म्हणून आपण प्रश्न नीट मांडून घेऊ.

हिशेब सांगतो, काय घडलं. व्यवस्थापन विचारतं, आता काय करावं. १९८६ साली सुरू झालेली बुलडाणा अर्बन पतसंस्था घ्या. गोदामातल्या धान्यावर दिलेलं कर्ज बरोबर नोंदलं की नाही, हे हिशेबनीस पाहतो. उद्या भाव पडला तर काय, म्हणून कर्ज किती द्यावं, हे ठरवणं वेगळं काम आहे. त्या खुर्चीत बसायचं असेल तर एम.बी.ए. उपयोगी पडेल.

पण आपल्याला ऑडिटच करायचं असेल तर? २०१३च्या कंपनी कायद्यानुसार कंपनीचं ऑडिट सनदी लेखापालच करू शकतो. एम.बी.ए.मुळे तो अधिकार मिळत नाही. तिथे सी.ए.च पुरं करावं.

ॲरिस्टॉटलचं म्हणणं असं, की तरुण माणूस गणितात तयार होऊ शकतो, व्यवहारातलं शहाणपण मात्र अनुभवानेच येतं. तेव्हा आधी आपण तीन-चार वर्षं काम करू, कुठले निर्णय घेताना अडतो ते पाहू, मग पदवीचं ठरवू. आणि खर्च मांडताना फीसोबत दोन वर्षांचा बुडणारा पगारही धरू. तो बहुतेक जण विसरतात.