गर्भिणीचा रक्तदाब, संप्रेरके आणि यष्टिमधु

गर्भावस्थेत रक्तदाब चढविणारी रेनिन, अँजिओटेन्सिन व अल्डोस्टेरॉन ही साखळी कितीतरी पटींनी बळावते. तरीही निरोगी गर्भिणीचा रक्तदाब मधल्या महिन्यांत थोडा उतरतो. प्रोजेस्टेरॉन मूत्रपिंडात अल्डोस्टेरॉनला विरोध करते, शिवाय रक्तवाहिन्या अँजिओटेन्सिनला पूर्वीसारख्या दाद देत नाहीत. हा तोल अपरेच्या आरोग्यावर अवलंबून असतो. २००७ साली सिडनीच्या संशोधकांनी गाभण बबून माद्यांच्या गर्भाशयाचा रक्तपुरवठा घटविला, तेव्हा त्यांचा रक्तदाब चढला व मूत्रातून प्रथिने जाऊ लागली. स्त्रीमध्ये गर्भाक्षेपकापूर्वी बहुधा हेच चित्र दिसते.

इतक्या नाजूक व्यवस्थेत आपले एक नित्याचे द्रव्य ढवळाढवळ करू शकते. मूत्रपिंडातील एक विकर कॉर्टिसॉलला निष्क्रिय करीत असते. यष्टिमधुतील ग्लिसिऱ्हायझिन त्या विकराला अडविते; मग कॉर्टिसॉलच अल्डोस्टेरॉनचे काम करू लागते. सोडियम व पाणी साचते, पोटॅशियम घटते, रक्तदाब चढतो. हेच विकर अपरेतही असून ते गर्भाला मातेच्या कॉर्टिसॉलपासून राखते.

सुश्रुतांनी शारीरस्थानात पहिल्या मासाच्या योगात यष्टिमधु सांगितले आहे, हे आम्ही विसरलेलो नाही. परंतु वैद्याने योजलेला मासानुमासिक योग वेगळा आणि छातीत जळजळते म्हणून दुकानातून नेलेली चूर्णाची डबी महिनोन्‌महिने चाटणे वेगळे. रक्तदाब वाढलेल्या गर्भिणीस यष्टिमधु देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. औषधालय चालविणाऱ्या बंधूंनी डबी देण्यापूर्वी ‘दिवस गेले आहेत का, रक्तदाब मोजला आहे का’ एवढे अवश्य विचारावे. अर्थात मोजण्याचे यंत्र आपल्या टेबलावर हवेच.

रक्तदाब १४०/९० झाला की प्रसूतितज्ज्ञांकडे पाठवावे. १६०/११० झाल्यास त्याच तासाला रुग्णालयात. तेथे काय साधते, याचा दाखला आपल्या नागपुरातच आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व डागा स्मृती स्त्री रुग्णालय येथे २०१५ ते २०१७ या काळात अशा ८९४ गर्भिणींना निफेडिपिन, लॅबेटॅलॉल किंवा मिथाइलडोपा यांपैकी एक औषध तोंडाने दिले गेले. सहा तासांत, उपद्रवाविना, निफेडिपिनने ८४ टक्के, तर उरलेल्या दोहोंनी सुमारे ७६-७७ टक्के स्त्रियांचा रक्तदाब आटोक्यात आला. हे निष्कर्ष २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले.

सहाव्या मासातील गोक्षुरसिद्ध घृत ही परिचर्या आहे. अशा वेळी ते या गोळीच्या जागी देता येणार नाही. रुग्णालयाने सुरू केलेली गोळी आपल्या सल्ल्याने बंद होता कामा नये, आणि आपण देत असलेल्या प्रत्येक कल्पाचे नाव सोबतच्या चिठ्ठीत लिहून द्यावे.